बालाजीरावांचा खांब

सेतुमाधवांना साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि चालण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून सुंदरनं त्यांच्या फोनवर तो खेळ घालून दिला. पुढचं सगळं त्या खेळापायी घडलं.

सुंदर त्यांच्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. खेळ तसा साधा होता. शहरातल्या खऱ्याखुऱ्या जागा, म्हणजे देवळं, पुतळे, जुन्या इमारती, चित्रं रंगवलेल्या भिंती, फोनमधल्या नकाशावर ठिपक्यांसारख्या दिसत. त्यांना स्टॉप म्हणायचं. पायी तिथवर जायचं, तो स्टॉप आपल्या गटाच्या रंगाचा करायचा आणि दुसऱ्या गटानं येऊन हिसकावून घेईपर्यंत मिरवायचं. पन्नाशी उलटलेला इतिहासाचा मास्तर फोन पुढे धरून देवळाला उलटसुलट चकरा मारतो हे पाहून त्यांची बायको विशालाक्षी सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसली. पण माणूस चालत होता, साखर उतरत होती. तिनं पुढे काही म्हटलं नाही.

ते राहत चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणीत. तिथं पावलोपावली स्टॉप होते, पण नेमका त्यांच्या गल्लीत एकही नव्हता. सुंदरची मंडळी त्या गल्लीला वाळवंट म्हणायची. "सर, तुमच्या घरी कुणी खेळायला यायचं तरी कसं?" असं ते हसत म्हणायचे. सेतुमाधवही हसायचे, पण ते त्यांना लागायचं.

गल्लीच्या तोंडाशी एक खांब होता. बिडाचा, दोन मजली घरांच्याही वर गेलेला, बुडाशी पन्हळी नक्षी आणि अगदी टोकाला मुकुटासारखी जाळी. महापालिकेनं त्याला कधीकाळी चंदेरी रंग फासला होता. लोक त्याला नुसतं 'कंबम', म्हणजे खांब, म्हणत. त्याच्यावर पक्षांची पोस्टरं चिकटत, त्याला टेकून एक बाई केळीची पानं विकत बसे. तो खांब कशाचा हे सेतुमाधवांना पक्कं ठाऊक होतं. जमिनीखालच्या जुन्या गटारात कोंडलेला वायू घरांच्या माथ्यावरून निघून जावा म्हणून इंग्रजी अमलात शहरभर असे पोकळ नळ उभारले होते. त्यातलाच हा एक. खेळाच्या नियमाप्रमाणे त्यांनी त्याचा फोटो काढला, खरं होतं ते चार ओळींत लिहिलं आणि नवा स्टॉप म्हणून सुचवला.

अशा सूचनांवर कुठले कुठले अनोळखी खेळाडू मत देत. त्यांनी ही सूचना फेटाळली. कारणाच्या जागी कुणीतरी लिहिलं होतं, "गटाराचा पाइप. यात बघण्यासारखं काय?" गटातल्या एकानं नाक चिमटीत धरलेल्या माणसाचं चित्र टाकलं, त्यावर बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले. उभं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलेल्या माणसाला पोरंसोरं नाक धरून दाखवतात, हे सेतुमाधवांच्या मनातून जाईना.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ते झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी लिहिलं ते असं: 'बालाजीराव स्मृतिस्तंभ. तंजावरच्या मराठा सरदार घराण्यातले बालाजीराव मद्रासेत स्थायिक झाले. पटकीच्या साथीत त्यांनी या वस्तीसाठी स्वतःच्या खर्चानं विहिरी खोदवल्या, रोग्यांची सेवा केली आणि त्याच साथीत प्राण सोडला. कृतज्ञ रहिवाशांनी त्यांच्या आठवणीसाठी हा स्तंभ उभारला.' लिहिताना हात कुठे अडला नाही. मुलांना धडे समजावून देऊन देऊन ती भाषा त्यांच्या बोटांत मुरली होती. साथ येते, एक भला माणूस पुढे होतो, मरतो, लोक आठवण ठेवतात. असं घडलं असेलच की कुठेतरी. त्यांनी मनाची आणखी एक समजूत घातली. या शहरात आपण मराठी आहोत म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे बॉम्बे?" पिढ्यान्पिढ्या इथं राहून आपल्या माणसाच्या नावाचा साधा दगड नाही. असू दे एक खांब.

सूचना मंजूर झाली. नकाशावर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नवा ठिपका उमटला. गटानं त्यांचं कौतुक केलं, सुंदरनं स्टाफरूममध्ये सगळ्यांना मिठाई वाटली. आधीच्या पाइपचं काय, हे कुणी विचारलं नाही; इतिहासाच्या सरांनी शोधून काढलं असेल असंच सगळ्यांनी धरलं. संध्याकाळी कॉलेजातली पोरं स्कूटर लावून खांबापाशी थांबू लागली. पानवालीला कळेना की आपल्याभोवती एवढी गर्दी कसली. सेतुमाधव गच्चीत उभे राहून बघत आणि मनात सुखावत.

विशालाक्षीनं एकदा विचारलंच. घरात ते तंजावरची जुनी मराठी बोलत, तमिळ चालीवर हेलकावे घेत जाणारी, 'सगळं'ला 'अस्कं' आणि 'कशाला'ला 'कसाला' म्हणणारी.

"कोण हो हा बालाजीराव? मज तर कधी सांगटलं नाहीत."

"असेल कोणीतरी. तुज कसाला ते?"

तिनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती शेंगा निवडू लागली.

*

रम्या त्यांच्याच गल्लीत, खांबापासून तिसऱ्या-चौथ्या घरात राहायची. नववीत होती, त्यांच्याच वर्गात. मुलगी हुशार, पण वर्गात तोंड उघडायची नाही. उत्तर येत असलं तरी मान खाली घालून बसायची. आईवडील दोघं श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत कामाला, पाळ्या उलटसुलट, म्हणून ती बहुतेक आजोबांच्या सोबतीनं वाढलेली. आजोबा राणोजी पोस्टातून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं मराठा. म्हाताऱ्याला त्याचा मोठा अभिमान, पण दाखवायला हातात काही नाही. होतं ते सगळं वाटण्यांत आणि तंजावर सोडताना गेलेलं.

त्या वर्षी शहरातल्या शाळांची एक स्पर्धा जाहीर झाली. विषय होता 'माझ्या रस्त्याचा इतिहास'. रम्यानं आपण होऊन नाव दिलं, याचंच सेतुमाधवांना नवल वाटलं. विषय मात्र तिनं सांगितला नाही. "सर, तुम्हाला शेवटी दाखवीन," म्हणाली.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती पुठ्ठ्याचं मोठं खोकं घेऊन स्टाफरूममध्ये आली. मुख्याध्यापिका तिथंच बसल्या होत्या, सुंदरही होता. तिनं खोक्यातून हलक्या हातानं खांब बाहेर काढला. पुठ्ठ्याच्या नळकांड्याचा, चंदेरी कागद लावलेला, टोकाला तारेची जाळी. बुडाशी विहिरीवर पाणी काढणाऱ्या बायकांची इवली इवली मातीची चित्रं. मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत बालाजीरावांचं नाव.

सेतुमाधवांनी ते नाव दोनदा वाचलं.

"सर, हा आपल्या गल्लीतलाच खांब," रम्या तमिळमध्ये म्हणाली. शाळेत ती मराठी बोलत नसे. "मला माहीतच नव्हतं. खेळात लिहिलेलं चुलतभावानं दाखवलं. आजोबांना वाचून दाखवलं तर ते रडले, सर. म्हणाले, आपल्या माणसाचा खांब रोज ओलांडून गेलो आणि कधी हात जोडला नाही. आता रोज सकाळी फूल ठेवतात तिथं."

एवढं बोलताना तिला त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे चमकत होते.

"वा!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सेतुमाधव सर, हे तुमचं शिकवणं हो. आपलं बक्षीस ठरलेलं!"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. रम्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तिला विषय बदलायला अवधीही होता. सेतुमाधवांनी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर मुख्याध्यापिका हसत होत्या, सुंदर अभिमानानं बघत होता. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, फलकावरच्या इंग्रजी मजकुरात 'मेमोरियल'चं स्पेलिंग चुकलं होतं ते दुरुस्त केलं आणि म्हणाले, "छान झालंय."

पुढे त्यांना जेव्हा जेव्हा ही गोष्ट आठवली, तेव्हा आधी तेच लाल पेन आठवलं. पानभर खोट्यातली एवढीच चूक त्यांनी सुधारली होती.

*

स्पर्धा एळुंबूरच्या एका शाळेच्या सभागृहात होती. सेतुमाधव शिक्षकांच्या रांगेत बसले. मागं वळून पाहिलं तर पालकांमध्ये राणोजी. पांढरीशुभ्र वेष्टी, खांद्यावर जरीकाठी अंगवस्त्र, कपाळाला ठसठशीत गंध, जणू घरचंच कार्य. त्यांनी दुरून सेतुमाधवांना हात जोडले.

परीक्षकांत नीलम नावाच्या एक बाई होत्या. मूळच्या पुण्याच्या, जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या वास्तुकार, बऱ्याच वर्षांपासून चेन्नईत. रम्याची पाळी आली तेव्हा ती आधी अडखळली, मग सावरली आणि तिनं सगळं न चुकता सांगितलं: साथ, विहिरी, बालाजीरावांचा मृत्यू. टाळ्या पडल्या. नीलमबाई पुढं वाकून मॉडेल न्याहाळत होत्या.

"खांब फार सुंदर केलायस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ही माहिती तुला कुठे मिळाली?"

"एका फोनवरच्या खेळात आहे, मॅडम."

"आणि आणखी कुठे? एखादं पुस्तक, एखादा शिलालेख?"

"नाही मॅडम. पण माझ्या इतिहासाच्या सरांनी तपासलंय."

नीलमबाईंनी मॉडेलवरची नजर उचलली. त्यांचा आवाज मऊच होता, ध्वनिक्षेपकावरून सगळीकडे गेला ही त्यांची चूक नव्हे. "बाळा, मला वाटतं, हा गटाराचा वायू सोडायचा नळ आहे. शहरात असे बरेच उरलेत."

सभागृहात आधी एक हसू फुटलं, मग दहा-वीस, मग सगळीकडूनच. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं नाक धरलं. त्याच्या शेजारच्यानंही धरलं. रम्या मॉडेलवर हात ठेवून तशीच उभी होती. मग तिनं शिक्षकांच्या रांगेकडे पाहिलं.

"सरांना विचारा ना," ती म्हणाली. घाबरून नव्हे. सर आहेत, सर सांगतील, असा पुरता भरवसा होता त्या आवाजात.

नीलमबाईंची नजर तिच्या नजरेमागून आली. "सर, तुम्ही काही सांगू शकाल?"

सेतुमाधव उठून उभे राहिले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांचे कान तापले. खरं काय ते जिभेवर होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच, आणि वर्गातल्या नेहमीच्या ठाम सुरात निघालं:

"इंटरनेटवर दिसेल ते खरं धरून चालू नये, हे मी मुलांना नेहमीच सांगतो. आजकालची मुलं ऐकत नाहीत."

काही शिक्षकांनी मान डोलावली. सेतुमाधव खाली बसले. रम्या त्यांच्याकडे बघतच राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर नुसतं न समजणं होतं. ओळखीचं दार ढकलावं आणि आत भलतंच घर निघावं तसं. मग तिनं मॉडेल उचललं आणि ती मंचावरून उतरली. तारेची जाळी कशात तरी अडकून वाकली.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. राणोजी तिथं होते.

*

परतीच्या व्हॅनमध्ये रम्या मागच्या बाकावर बसली. सेतुमाधव पुढं ड्रायव्हरजवळ बसले आणि घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, त्यानंतरही आली नाही. वर्गात तिचा बाक रिकामा दिसे. हजेरी घेताना तिचं नाव आलं की ते जरा घाईनं पुढच्या नावावर जात.

घरी येण्याचा रस्ता त्यांनी बदलला. खांब लागू नये म्हणून मागच्या मासळीबाजारातून वळसा घालून ते येऊ लागले. खेळाच्या लोकांना त्यांनी लिहिलं, हा स्टॉप काढून टाका. उत्तर आलं की वस्तू जागेवर आहे, जागा बरोबर आहे, काढता येणार नाही. सुंदरला विचारलं तर तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेता सर? मजकूर बदला, झालं. खेळच तर आहे." त्यांनी मजकूर बदलून पाठवला. बटण दाबल्यावर आत काही हलकं झालं नाही.

ताटातलं अन्न ते चिवडून तसंच ठेवू लागले. सभेतलं हसं गल्लीभर झालं होतं, ते विशालाक्षीच्याही कानावर आलं; एका संध्याकाळी तिनं ताट उचललंच नाही. समोर बसली.

"तें तुम्हीच लिवलं होतं ना? बालाजीरावाचं?"

"हो."

"त्या पोरीस ठाऊक अहे?"

"नाही."

"आणि तिथं सभेंत तुम्ही काय बोलटलांत?"

त्यांनी सांगितलं. वाक्यच्या वाक्य, जसंच्या तसं. आपल्याच स्वयंपाकघरात ते वाक्य पुन्हा ऐकताना त्यांना वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर त्या माणसाच्या घरचं आपण पाणी घेतलं नसतं. विशालाक्षीनं ताट बाजूला सरकवलं. मग उठली, हात धुतले.

"माझ्याकडं बघून काय होणार?" ती म्हणाली. "मज काय सांगटांत? जा. आणि मी सोबत येते म्हणून वाट बघूं नका. एकलेच जा."

*

राणोजींनी दार उघडलं. घरातल्या साध्या बनियनवर होते. सेतुमाधवांना बघताच त्यांनी लगबगीनं अंगवस्त्र खांद्यावर ओढलं.

"यावं, यावं सर! मीच येणार होतों तुमच्याकडं. बसावं."

त्यांनी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, पंखा वाढवला, आत वळून कॉफी सांगितली. मग समोर स्टुलावर बसले आणि दोन्ही हात जोडले.

"सर, आमच्या पोरीमुळं तुम्हास अस्क्या लोकांपुढं उभं राहावं लागलं. शाळेची मान खालीं गेली. पोर लहान अहे, कळत नाही. तिच्या बदल मी माफी मागटों. तिला शाळेंतून काढूं नका."

सेतुमाधवांना वाटलं, इथंच, आत्ताच जमीन फाटावी. त्यांनी ते जोडलेले हात धरले आणि खाली केले.

"असं करूं नका. माफी मी मागायची अहे. तें खेळांतलं अस्कं मी लिवलं होतं."

राणोजींना आधी समजलंच नाही. "तुम्ही? म्हणजे तुम्हीही कोठून वाचून..."

"नाही. मी रचलं. बालाजीराव म्हणून कोणी नव्हता. विहिरी नव्हत्या. तो गटाराचाच नळ अहे, आणि हें मज पहिल्यापासून ठाऊक होतं. पोरीनं मॉडेल दाखवलं त्या दिवशीं ठाऊक होतं. सभेंत उभा राहिलों तेव्हांही."

राणोजी स्टुलावर बसून राहिले. त्यांची नजर आधी सेतुमाधवांच्या चेहऱ्यावर होती, मग हळूहळू खाली आली आणि जमिनीवरच्या फरशीवर थांबली. भिंतीमागे आत कुणीतरी भांडं ठेवलं.

"मी तंजावूरास बहिणीस फोन केला होता," शेवटी ते म्हणाले. "तिच्या गल्लींत तिनं अस्क्यांस सांगटलं. देवळांतल्या लोकांसही. ती म्हणाली, राणोजी, पुढच्या महिन्यांत मी येत्यें, मज तो खांब दाखव." ते थांबले. "आतां तिला काय सांगूं?"

 राणोजी रागावून बोलले असते तर सेतुमाधवांना सोसवलं असतं. म्हातारा खरोखरच विचारत होता.

तेवढ्यात रम्या दारात येऊन उभी राहिली. हातात कॉफीचा पेला होता, तो तिनं खाली ठेवला नाही. सगळं ऐकलं होतं तिनं. ती मराठीत बोलली, त्यांच्याशी पहिल्यांदाच.

"सर, मी तुमच्याकडं बघटलं तेव्हां तुम्हास अस्कं ठाऊक होतं?"

"हो."

"मग असं कसाला बोलटलांत?"

"भ्यालों," सेतुमाधव म्हणाले. "लोक मज हसतील म्हणून. तुज हसत होते तें मज दिसत होतं."

 तिनं पेला स्टुलाजवळ ठेवला.

"हें मज सांगून काय होणार सर? माझ्या वर्गांत सांगा. तिथं माझ्यावर हसतील."

"रम्या!" राणोजी ओरडले. "मोठ्यांशीं असं बोलटांत?"

"बोलूं द्या," सेतुमाधव म्हणाले. "ती सांगत्ये तें खरं अहे."

कॉफी त्यांनी घेतली नाही. प्यायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं. रस्त्यावर आल्यावर कळलं की ती न घेणं हाही त्या घराचा अपमानच झाला. परत जायला पाय वळेनात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, हे आपल्यातच राहू द्या. शाळेचं नाव आहे." सेतुमाधव म्हणाले, "मी वर्गात सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून आलो." बाईंचा चेहरा उतरला. सेतुमाधव चालवत ते शाळेचं इतिहास मंडळ पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याकडे दिलं. ते त्यांनी नंतर, चिठ्ठी न धाडता, तोंडानंच कळवलं.

रम्या त्या दिवशी आली होती. शेवटच्या बाकावर बसली होती. सेतुमाधवांनी पुस्तक उघडलं नाही. फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि सांगितलं. काय लिहिलं, का लिहिलं, मॉडेल दिसल्यावर गप्प का राहिले आणि सभागृहात काय केलं. कुठलंही मोठं वाक्य येऊ लागलं की ते त्याला दाबत होते. आपल्याला मोठी वाक्यं फार सहज येतात हे त्यांना आता कळलं होतं. "रम्या खोटं बोलली नाही," ते म्हणाले. "ती माझ्यावर विसंबली. खोटं मी लिहिलं, आणि लोक हसले तेव्हा तिला पुढं करून मी मागं लपलो."

 मुलांना मोठा माणूस असं बोलताना बघायची सवय नव्हती. काहींनी लाजून माना खाली घातल्या, जणू त्यांनीच काही केलंय. मग खिडकीजवळून कुणीतरी हळूच "पाइप सर" म्हटलं आणि आवरून धरलेलं हसू फुटलं. सेतुमाधव ते संपेपर्यंत उभे राहिले. रम्या हसली नाही. त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

ते नाव चिकटलं. महिन्याभरात सगळ्या शाळेला ठाऊक झालं. जिन्यातून जाताना मागून कुणी तरी म्हणायचं आणि ते वळायचे नाहीत. सुंदर सुरुवातीला त्यांना चुकवू लागला, मग सवयीनं पुन्हा बोलू लागला. खेळ त्यांनी फोनमधून काढून टाकला. त्यांनी बदललेला मजकूर तिथं मंजूर झाल्याचं सुंदरकडून कळलं; पोरं पूर्वीसारखीच येत होती, मजकूर कुणी वाचतच नव्हतं.

त्यांनी नीलमबाईंचा नंबर मिळवला आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी पलीकडे सगळं ऐकून घेतलं. मग मराठीत म्हणाल्या, "मी त्या मुलीला माइकवर तसं विचारायला नको होतं, हे माझ्या मनात आहेच. पण तुमचं मी काय करू? मला नाही माहीत." आणि त्यांनी फोन ठेवला. सेतुमाधवांना ते बरं वाटलं. निदान कुणी तरी आपल्यासाठी हे सोपं करून दिलं नाही.

राणोजींची बहीण ठरल्याप्रमाणे आली. विशालाक्षीला बाजारात दिसली. भाऊ तिला समुद्राकडे घेऊन चालला होता, गल्लीच्या तोंडाकडून नव्हे, मासळीबाजाराच्या वाटेनं. ते ऐकलं तेव्हा सेतुमाधव झोपाळ्यावरून उठले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. आपण लपायला धरलेल्या वाटेनं आता तो म्हातारा जात होता, आणि त्याचा काडीचा अपराध नव्हता.

त्यानंतर एकदा दोघं समोरासमोर आले. रेशनच्या दुकानाबाहेर. राणोजींनी हात जोडले नाहीत. थांबले मात्र.

"बहिणीस खरं सांगटलं," ते म्हणाले. "रागावली. दिवसभर जेवली नाही."

"मी येऊन भेटूं काय तिला?"

"गेली ती." राणोजींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पोर शाळेस येत्ये ना नीट?"

"येत्ये."

"मग झालं," ते म्हणाले आणि निघून गेले.

रम्या रोज येत होती. पूर्वीसारखी मान खाली घालून मात्र बसत नव्हती. पुढच्या सत्रात सेतुमाधव एक धडा शिकवत होते, आणि ओघात त्यांनी सांगितलं की अमुक राजानं हे तळं दुष्काळात बांधून घेतलं. तिनं हात वर केला.

"सर, दुष्काळातच बांधलं हे कशावरून?"

 खिडकीजवळचा तो पोरगा हसायला टपूनच बसला होता. सेतुमाधवांचे कान तापले, त्या सभागृहात तापले होते तसेच. पुस्तकात तसं लिहिलं होतं, आणि ते वर्षानुवर्षं तसंच सांगत आले होते. त्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "बघून सांगतो."

"बरं," रम्या म्हणाली आणि खाली बसली. तिच्या आवाजात ना राग होता ना माया. सेतुमाधवांनी खडू उचलला आणि पुढचं वाक्य बोलण्याआधी ते जरा थांबले.